धंदा सांभाळून घरची गाडी : छोटी एसयूव्ही बुक करण्याआधी वहीत मांडायचा हिशेब



दसरा जवळ आला की आपल्या वर्गात धंद्याचे प्रश्न मागे पडतात आणि एकच प्रश्न पुढे येतो. "कोनती गाडी लेवू भाऊ?" विचारणारा किराणावाला असो, कापडवाला असो की ठिबकचं सामान विकणारा, त्याच्या मोबाइलमध्ये तीन-चार छोट्या एसयूव्हींचे फोटो तयार असतात. सनरूफ कशाला आहे, स्क्रीन किती इंचाची आहे, सगळं पाठ असतं. पण महिन्याला गाडी किती किलोमीटर चालणार, असं विचारलं की गडी गप्प.

म्हणून आज हा लेख. गाडी कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही. ती निवडायची कशी, ते सांगतो.

आपल्या वर्गाला आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सोबत घेऊ. अमळनेरात त्यांचा पापड-मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. घरात सहा माणसं: दोघं नवरा-बायको, दोन मुलं, आई-वडील. धंद्याच्या खात्यात चार लाख शिल्लक. दादांना वाटत होतं, त्यातले अडीच लाख डाउन पेमेंटला टाकू. ताई वही सांभाळतात. त्या म्हणाल्या, "सर, ह्यांना सनरूफ पाहिजे. मला नंदुरबारची मिरची पाहिजे. हंगामात रोख पैसे नसले तर तीच मिरची नंतर महागाची आणि उधारीची घ्यावी लागते. त्याचं काय?"

खरा प्रश्न हाच आहे मंडळी. नेक्सॉन की ब्रेझा, हा त्याच्या नंतरचा.

आधी रोजनिशी, मग ब्रोशर

मी दोघांना सांगितलं, तीस दिवस एक काम करा. घरातलं कोणीही कुठेही गेलं, की वहीत लिहा: कुठे गेलो, किती किलोमीटर, किती माणसं, सोबत सामान काय. बसनं, रेल्वेनं, दुचाकीनं, भाड्याच्या गाडीनं, सगळं लिहा.

दादांचा अंदाज होता महिन्याला १,५०० किलोमीटर. वही काय म्हणाली? गावातल्या गावात घर, कारखाना आणि बाजार मिळून साधारण १५०. धुळ्याच्या दोन फेऱ्या, दीडशेच्या आसपास. जळगावच्या दोन फेऱ्या, सव्वादोनशेच्या आसपास. लग्नकार्य, आखाजीला लेकीबाळींना आणणं-पोचवणं, वर्षातून एकदा सप्तशृंगी गड, हे सगळं बारा महिन्यांत वाटलं तर महिन्याला पाऊणशे. एकूण ६००. अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी!

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. गाडी घ्यायची इच्छा झाली की रस्ता आपोआप लांब दिसायला लागतो, एवढंच.

'छोटी एसयूव्ही' म्हणजे नेमकं काय?

लांबी चार मीटरच्या आत, बसायला उंच आणि रस्त्यापासून पोट वर, अशा गाड्यांना आपण छोटी एसयूव्ही म्हणतो. टाटाची पंच आणि नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा आणि फ्रॉन्क्स, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाईची एक्स्टर आणि व्हेन्यू, कियाची सोनेट, स्कोडाची कायलॅक, निसानची मॅग्नाइट. यातल्या काही तर आपल्या महाराष्ट्रातच बनतात: ३एक्सओ नाशिकला, नेक्सॉन रांजणगावला, कायलॅक चाकणला.

चार मीटर हा आकडा आला करातून. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. गाडी चार मीटरच्या आत असेल आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १,२०० सीसीपर्यंत, किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल, तर जीएसटी १८ टक्के. यातली एकही अट मोडली तर ४० टक्के.

आता गंमत बघा. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलीमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण तिचं पेट्रोल इंजिन आहे १,४६२ सीसीचं. म्हणून तिच्यावर ४० टक्के. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं आणि डिझेल १,४९७ सीसीचं, म्हणून दोन्हींवर १८ टक्के. याचा अर्थ ब्रेझा वाईट असा नाही. मोठं, साधं, टर्बो नसलेलं इंजिन अनेकांना सोयीचं वाटतं. पण दोन गाड्यांची किंमत शेजारी ठेवताना त्यातला कर किती आणि लोखंड किती, हे माहीत असावं.

दुसरी गोष्ट. दिसायला दणकट असली तरी वर सांगितलेल्या सगळ्या गाड्यांचं इंजिन फक्त पुढची चाकं ओढतं. पोट उंच असल्यानं खड्डा आणि गतिरोधक सोसेल, पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चाक रुतलं तर ती साध्या कारसारखीच अडकणार. ज्यांचं रोजचं काम खरोखर शेतातलं आणि ओझ्याचं आहे, त्यांनी बोलेरोसारखी वेगळ्या सांगाड्यावरची गाडीही बघावी. तीही चार मीटरच्या आतच येते, १,४९३ सीसी डिझेल. मात्र शहरी एसयूव्हीसारखी मऊ बैठक तिच्यात शोधू नका.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

इथे भावना नको, भागाकार हवा. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुम्ही त्या दिवशीचा पंपावरचा भाव आणि गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कळलेलं खरं ॲव्हरेज टाका. कंपनीचं ॲव्हरेज टाकू नका.

पेट्रोल १०५ रुपये लिटर, ॲव्हरेज १५: किलोमीटरला ७ रुपये.
डिझेल ९२ रुपये लिटर, ॲव्हरेज १९: किलोमीटरला ४ रुपये ८४ पैसे.
फरक: किलोमीटरला २ रुपये १६ पैसे.

आता डिझेल मॉडेल ऑन-रोड १,२०,००० रुपयांनी महाग आहे असं धरा. हे जादा पैसे वसूल व्हायला १,२०,००० भागिले २.१६, म्हणजे सुमारे ५५,५०० किलोमीटर लागतात. महिन्याला १,४०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी सुमारे ४० महिने लागतील. महिन्याला ६०० चालवणाऱ्याला लागतील साडेसात वर्षांहून जास्त. आपल्या जोडप्याचा डिझेलचा विषय इथेच संपला.

आणखी एक कारण होतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी स्वतःला साफ करते ती इंजिन चांगलं तापल्यावर, म्हणजे हायवेवर सलग चालल्यावर. रोज घर ते दुकान दोन-तीन किलोमीटर एवढंच चालवाल तर ती तुंबायला लागते, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. हायवेवर रोज धावणाऱ्यानं डिझेल घ्यावं. गल्लीबोळात फिरणाऱ्यानं दहादा विचार करावा.

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी येतो, महाराष्ट्रात त्यावरचा रस्ता करही पेट्रोलपेक्षा कमी आहे. पण दोन गोष्टी तपासा. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि तिथे रांग किती, हे स्वतः दोन-तीन वेळा जाऊन बघा. दुसरी, डिक्की. एकच मोठी टाकी असली तर डिक्की जवळजवळ तिचीच होते. टाटानं पंच आणि नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवून जागा राखली आहे. धंद्याचं सामान नेणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

घरच्यांना नेऊन तपासा

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. सगळं घर घेऊन जा, आणि शक्यतो भर दुपारी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हात तापलेल्या गाडीत पाच माणसं बसल्यावर मागच्या सीटपर्यंत गारवा किती मिनिटांत येतो, ते घड्याळ लावून बघा. मागे एसीची जाळी आहे का ते बघा. सनरूफचे जादा पैसे मोजणार असाल, तर खानदेशात वर्षातले किती दिवस ते छत उघडणार, हेही घरी एकमेकांना विचारा.

बैठक: आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर उंच सीटचा खरा उपयोग त्यांनाच होतो. त्यांना स्वतः चढू-उतरू द्या. मागे तीन मोठी माणसं बसवा. ३एक्सओची रुंदी १,८२१ मिलीमीटर, पंचची १,७४२. कागदावर आठ सेंटिमीटरचा फरक दिसतो, पण मधल्या माणसाला विचारा तो केवढा असतो! आणि घरात सहा माणसं असतील तर पाच सीटच्या गाडीत सहावा बसणार नाही, हे आधीच मान्य करा.

डिक्की: कंपन्यांचे आकडे असे: फ्रॉन्क्स ३०८ लिटर, ब्रेझा ३२८, ३एक्सओ ३६४, पंच ३६६, नेक्सॉन ३८२, कायलॅक ४४६. पण मोजायची पद्धत प्रत्येकाची एकसारखी नसते. माझा साधा उपाय: आपला क्रेट, आपलं खोकं, आपली गोणी शोरूमला घेऊन जा आणि ठेवून बघा. विक्रेता हसला तर हसू द्या.

ताकद: पंच आणि एक्स्टरसारख्या गाड्यांचं टर्बो नसलेलं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन गावात मस्त चालतं. पण पाच माणसं, सामान, एसी आणि समोर गडाचा किंवा कन्नडचा घाट, असं असलं की गिअर खाली आणावा लागतो. टर्बो पेट्रोल तिथे सहज चढतं, मात्र पाय जड असेल तर ॲव्हरेजही तितक्याच सहज उतरतं. वर्षातून एकदाच घाट चढायचा असेल तर वर्षभराचे जादा पैसे मोजायचे का, हे तुम्ही ठरवा.

सुरक्षा: इथे मात्र तडजोड नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणी सुरू झाली. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे मिळतात, दोन्ही बघा. नेक्सॉन, ३एक्सओ आणि कायलॅक यांना या चाचणीत पाच तारे आहेत. किती एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा आणि मागच्या मधल्या सीटला पूर्ण पट्टा, हे तुम्ही घेणार असलेल्या त्याच मॉडेलमध्ये आहे का, ते लेखी घ्या. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर ते तारे ब्रोशरवरच राहतात.

ऑन-रोडचा कागद ओळ न् ओळ वाचा

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तिच्यावर रस्ता कर, विमा, फास्टॅग आणि बाकी किरकोळ चढतं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के रस्ता कर आहे. डिझेलला हेच १३ आणि १४ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर दर बराच जास्त. म्हणून 'प्रायव्हेट लिमिटेड'वाल्यांनी नावाचा निर्णय आधी करावा.

दहा लाखांच्या उंबरठ्यावर एक खड्डा आहे. गाडी ९,९५,००० ची असेल तर पेट्रोलचा कर १,०९,४५०. थोडं वरचं मॉडेल १०,१५,००० चं घेतलं तर कर १,२१,८००. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे आणखी १०,१५०. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातो. म्हणजे वीस हजारांनी वरचं मॉडेल घेतलं की त्या दिवशी साडेबेचाळीस हजार जादा मोजावे लागतात. विक्रेता म्हणतो "फक्त वीस हजारांचा फरक", तेव्हा हे आठवा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि मग बोला. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा. बऱ्याचदा विचारल्यावरच ती ओळ पुसट होते.

"धंद्याच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो!"

हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. नीट समजून घ्या.

जीएसटी: चालकासह १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांची विक्री हाच तुमचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. मालवाहू गाडीवर मात्र नियमित जीएसटीवाल्याला क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्याला कशावरच नाही.

आयकर: नियमित हिशेब ठेवत असाल तर गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा, आणि घरच्या वापराचा हिस्सा वगळून. पण विक्रीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून अनुमानित पद्धतीनं रिटर्न भरत असाल, तर घसारा आणि कर्जाचं व्याज वेगळं वजा होत नाही. आपल्यातले बरेच छोटे दुकानदार याच पद्धतीत आहेत. म्हणजे ज्या बचतीच्या भरवशावर गाडी घेतली, ती बचत नसतेच. बुकिंगच्या आधी आपल्या सीएंना एक फोन करा.

आणखी एक. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देऊन हप्ता काढायचा विचार असेल तर सोडा. परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पाच वर्षांचा पूर्ण हिशेब

आता ताईंच्या वहीतलं पान. एक्स-शोरूम ९,००,०००, रस्ता कर ९९,०००, विमा आणि इतर ४१,०००. ऑन-रोड १०,४०,०००. त्यातले २,४०,००० रोख आणि ८,००,००० कर्ज, ९ टक्क्यांनी.

५ वर्षांचा हप्ता १६,६०७ रुपये, एकूण व्याज सुमारे १,९६,०००.
७ वर्षांचा हप्ता १२,८७१ रुपये, एकूण व्याज सुमारे २,८१,०००.

म्हणजे हप्ता हलका करायची किंमत ८५,००० रुपये. आता पाच वर्षांचं कर्ज धरून पुढे चला.

गाडीची किंमत १०,४०,०००
व्याज १,९६,०००
पेट्रोल, महिन्याला ६०० किलोमीटर: २,५२,०००
विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी, महिन्याला ३,००० धरून: १,८०,०००
एकूण १६,६८,०००

पाच वर्षांनी गाडी विकून काय येईल? विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत ५० टक्क्यांनी उतरवतात. तेच धरू: ४,५०,०००. वजा जाता निव्वळ खर्च १२,१८,०००. महिन्याला सुमारे २०,३००. आणि किलोमीटरला सुमारे ३४ रुपये!

दादा ते बघून गप्प झाले. म्हणाले, "सर, म्हणजे भाड्याची गाडी स्वस्त?" ६०० किलोमीटरला, हो, बहुतेक वेळा स्वस्तच. पण रात्री दोनला वडिलांना दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा भाव बघून चालत नाही, हेही खरं. म्हणून मी कोणालाही गाडी घेऊ नका असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की घरची गाडी ही घरची सोय आहे. तिला 'धंद्यातली गुंतवणूक' म्हणू नका. आणि घरची सोय घरच्या पैशातून घ्यायची, धंद्याच्या खेळत्या भांडवलातून नाही.

आपल्या अमळनेरकरांना हे वेगळं सांगायला नको. २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी इथे सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या घरांच्या गोष्टी आपण ऐकत मोठे झालो. काही पैसा वाढतो, काही घसरतो. गाडीतला पैसा घसरणारच. म्हणून तो किती असावा, याला मर्यादा हवी.

हप्ता मंदीच्या महिन्यावर बेता

दिवाळीचा गल्ला बघून हप्ता ठरवू नका. तुमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट महिना कोणता, तो वहीत शोधा. कोणाचा आषाढ असेल, कोणाचा मार्च. त्या महिन्यात घरखर्च, पगार आणि मालाचे पैसे देऊन जे उरतं, त्यात हप्ता, इंधन आणि देखभाल बसली पाहिजे.

बसते का, हे कळायला एक तालीम करा. बुकिंगच्या आधी तीन महिने हप्ता, इंधन आणि देखभालीची रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेला वेगळ्या खात्यात टाका. आपल्या उदाहरणात ती सुमारे २३,८०० येते. तीन महिने न अडखळता भरली तर डाउन पेमेंटमध्ये ७१,००० ची भर पडली. अडखळलात, तर बँकेचा फोन यायच्या आत शहाणपण आलं. दोन्हीकडून फायदाच.

आपल्या जोडप्यानं तालीम केली. दुसऱ्याच महिन्यात १४,००० वर गाडी अडली. दसऱ्याला त्यांनी बुकिंग केलं नाही. हंगामात नंदुरबारची मिरची रोखीनं घेतली. मग आखाजीच्या आधी गाडी घरी आली: पेट्रोल, मधलं मॉडेल, सहा एअरबॅग, सनरूफ नाही. कर्ज आठऐवजी साडेपाच लाखांचं. मोठा माल अजूनही भाड्याच्या टेम्पोनंच जातो.

गाडी कोणती घेतली? ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही वही न उघडता तीच बुक कराल!

तेव्हा आजपासून तीस दिवस किलोमीटर लिहा. पहिलं पान आजच भरा, शोरूमला नंतर जा. भेटू पुढच्या व्हिडिओत.